बोटीच्या तिकिटातली आडत

आमच्या कोरेगाव भीमाच्या पुलाखालून वाहणारे पाणी उजनी, पंढरपूर करीत कृष्णेला मिळते आणि थेट बंगालच्या उपसागराला जाते. आम्ही मात्र समुद्र बघायचा ठरवला तो मुंबईचा. कांद्याची पट्टी बरी आली होती आणि मंडळींची बोटीत बसायची हौस जुनी होती.

पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोट सुटे. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशी माणसे उतरवीत ती जाई. आताची बोट म्हणजे तरंगते हॉटेलच! 2018 साली मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ निघाली आणि 2021 पासून ‘कॉर्डेलिया’ची बोट मुंबईहून गोव्याकडे, लक्षद्वीपकडे जाऊ लागली. राहणे, जेवण, करमणूक, सारे एकाच तिकिटात.

सणसवाडीला कंपनीत असलेला भाचा म्हणाला, “मामा, एजंट मधे कशाला? थेट कंपनीकडून काढू, स्वस्त पडेल.” मलाही पटले. पण चौकशी केली तर दोन्हीकडे भाडे तेच! मग पुण्याला एका एजंटाकडे गेलो. त्याने आधी बाल्कनीच्या खोलीचीच तारीफ सुरू केली. मंडळींनी मधेच विचारले, “भाऊ, यात तुमची आडत किती, आणि ती भरायची कुणी?”

तो हसला, पण कागद पुढे ओढून त्याने फोड करून दाखवली. बोटीची कंपनी भाडे ठरवते तेव्हाच एजंटाचे कमिशन त्यात धरलेले असते. साधारण दहा टक्क्यांपासून ते सुरू होते आणि जास्त गिऱ्हाईक देणाऱ्याला अधिक मिळते. आपण थेट गेलो तर तेवढी रक्कम बहुधा कंपनीकडेच राहते, आपल्या खिशात येत नाही. शिवाय कमिशन फक्त मूळ भाड्यावर असते. बंदराचा आकार आणि सरकारी कर यांवर नसते. समजा, तिकीट 25 हजारांचे आणि त्यात मूळ भाडे 18 हजार, तर दहा टक्क्यांनी एजंटाचे 1,800 होतात. घासाघीस करायची ती एवढ्यातच. खोली महाग तशी त्याची आडतही मोठी, म्हणून बाल्कनीचे कौतुक!

बाजार समितीत 2016 साली फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून काढून खरेदीदारावर टाकली, तेव्हा आपण किती बोललो होतो. इथे तर खरेदीदार आपणच.

काही कंपन्या एजंटाला भाडे उघडपणे कमी करू देत नाहीत. मग तो आपल्या कमिशनातून बोटीवर खर्चायला काही रक्कम जमा करून देतो. मागितल्याशिवाय मात्र कुणी देत नाही. एजंट अगदीच फुकट खातो असेही नाही. नावातली चूक, तिकीट रद्द करणे, यासाठी धावतो तोच. पैसे परत किती आणि केव्हा मिळणार, तेवढे लिहून घ्यावे.

आम्ही बाल्कनी सोडून साधी खिडकीची खोली घेतली. भाड्यात काही सुटले नाही, पण दोघांचे मिळून दोन हजार त्याने बोटीवरच्या खर्चाला जमा केले. घरी येताना मंडळी एस.टी.त म्हणाल्या, “त्या दोन हजारांत चहा तरी येईल ना हो?”