सूर्यमाळचा काळोख

जव्हारचा राजवाडा पाहून मोखाड्याची वाट धरली. सूर्यमाळला पोचेतो दिवस मावळला होता. अवसेची रात्र. यजमानांनी अंगणात बाज टाकली. हात लांब करून उत्तरेच्या क्षितिजापासून वर दोन मुठी मोजल्या आणि ध्रुव सापडला. इथले अक्षांश सुमारे २०, म्हणून तोही २० अंशांवरच!

म्हटले, "बाबा, अंटार्क्टिकावर १९८९ पासून आपले 'मैत्री' नावाचे ठाणे आहे. तिथून हा तारा कधीच दिसत नाही. हिवाळ्यात दोन महिने सूर्यही नसतो. तरी आपली माणसे पृथ्वीच्या चुंबकत्वाची थरथर टिपीत बसतात."

सूर्याकडून येणारे विद्युत्भारित कण पृथ्वीचे चुंबकत्व ध्रुवांकडे वळवते. आभाळात प्रकाशाचे पडदे हलू लागतात, चुंबकसुई अस्वस्थ होते. हे टिपायला निवांत जागाच हवी. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ साली अलिबागला न्यावे लागले.

"असा काळोख जपला पाहिजे," मी म्हणालो.

म्हातारबा हसले. "साहेब, तुम्ही काळोख बघायला येता. माझ्या सुनेला रात्री डोलीतून दवाखान्यात नेली. वाटेवर एक दिवा नव्हता. तेव्हा हा काळोख नकोसा झाला होता."

मी वरमलो. मैत्रीवरची माणसे मुदत संपली की घरी परततात. यांचे घर इथेच.

"दिवा हवाच, बाबा," मी म्हणालो. "फक्त त्याचा उजेड वाटेवर पडावा, आभाळात नको."

"पडू दे वाटेवर," ते म्हणाले, "तारे कुठे जातात?"