साडेदहाचा फोन

मुलांनो, मी संस्कृतच्या शिकवण्या घेते. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरायची, भिंतीला फळा टेकवायचा, की झाली शिकवणी सुरू! देव, वन, माला चालवायचे. संबोधन धरून आठ विभक्त्या, प्रत्येकीची तीन वचनं, म्हणजे एका शब्दाची चोवीस रूपं. आपल्या मराठीत दोन वचनांवर भागतं, संस्कृतात मात्र 'दोघां'साठी वेगळं द्विवचन. तिथंच बहुतेकांची गाडी अडते.

मागच्या आळीतली एक मुलगी नववीत असताना माझ्याकडे येऊ लागली. हुशार, पण भारी भित्री. तिचं नाव काही मी सांगणार नाही. आधी मला 'बाई' म्हणायची, महिनाभरात 'मावशी' म्हणू लागली. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू? शिकवणी सुटली तरी ती रेंगाळायची, पोहे खायची, शाळेतल्या गमती सांगायची.

मग एकदा रात्री साडेदहाला फोन आला. "मावशी, गृहपाठातलं तिसरं वाक्य सांगता?"

मी सांगून टाकलं. एवढ्याशा वाक्यासाठी पोरीला जागवायचं कशाला? पण एका वाक्याची चार झाली, चाराचा अख्खा स्वाध्याय झाला. (तुमच्यापैकी कितीजण असे फोन करतात? हात वर करा, मी बघत नाही.) तिची वही बघावी तर सगळं बरोबर! तिची आई खूश आणि मीही खूश.

सहामाहीत तिला शंभरपैकी एकेचाळीस गुण पडले. पेपरात लिहिलं होतं, 'वयं गच्छावः'. तेच वाक्य वहीत अगदी अचूक होतं. असणारच, ते मी सांगितलेलं होतं ना! पेपर माझ्यापुढे ठेवून ती मुसमुसत म्हणाली, "मावशी, तुम्ही नव्हतात ना तिथं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तिला शिकवत नव्हते, तिचं काम करत होते.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "फोन संध्याकाळी सात ते आठ. त्यानंतर मी घेणार नाही. आणि गृहपाठ आधी तू करायचा. चुकला तर चुकलेला आण, पण तुझा आण." बोलणं बरोबर होतं, पण मी ते सगळ्या मुलांसमोर बोलले. ही माझी चूक. तिचा चेहरा एवढासा झाला.

आठ दिवस ती आलीच नाही. आली तिची आई. "फी तर आम्ही वेळेवर देतो, बाई. पोरीनं एक प्रश्न विचारला तर बिघडलं कुठं?"

मी वाद घातला नाही. सर्वांदेखत बोलले याबद्दल माफी मागितली आणि वही न् पेपर शेजारी शेजारी ठेवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण रात्री ती रडायला लागली, तर मी काय करू?"

"वही मिटा आणि झोपवा तिला. अर्धा गृहपाठ घेऊन आली तरी मी रागावणार नाही."

नवव्या दिवशी ती आली, 'मावशी' न म्हणता. वहीत दहा वाक्यं, त्यातली चार चुकलेली. आणि बघते तर काय, पुन्हा 'वयं गच्छावः'! उत्तर माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी नुसतं बोट ठेवलं. ती पुटपुटू लागली, "आम्ही... म्हणजे पुष्कळजण... दोघंच असतो तर आवाम्..." तिनं खोडलं आणि 'गच्छामः' लिहिलं. वर न बघताच म्हणाली, "मावशी, पुढचं करू?"

त्याच आठवड्यात रात्री साडेदहाला फोन वाजला. दोनदा माझा हात पुढे गेला. वाजून वाजून तो थांबला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला पुन्हा वाजला. "मावशी, काल चुकून लागला होता."

"हो का? कुठलं वाक्य अडलं होतं?"

"झालं ते," ती म्हणाली.