माडीवरचं मिरज



आमच्या सांगलीच्या घरात माडीवर एक मिरज जंक्शन आहे. ८ फूट लांब, ३ फूट रुंद, दोन फळ्या जोडून केलेलं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते एकट्यानं केलं. त्यांची नोकरी रेल्वेत, मिरजेच्या पार्सल ऑफिसात गेली. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, तशी त्यांनी आणि आत्याबाईंनीही केली. शिखरजी झालं, श्रवणबेळगोळ झालं. मग मामंजी माडीवर गेले ते जवळजवळ बारा वर्षं तिथेच रमले. जेवायला मात्र सूर्यास्ताआधी न चुकता खाली यायचे.

आजच्या मुलींना सांगूनही खरं वाटणार नाही, पण एके काळी मिरजेत तीन मापांचे रूळ होते. १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपूरकडून मिरजेपर्यंत आली. मीटरगेज तर त्याच्याही आधीपासून होतं. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि पुढे बरीच वर्षं तिन्ही एकाच गावात नांदले: पुण्या-कोल्हापूरकडे मोठी, बेळगावकडे मधली, पंढरपूरकडे छोटी. पार्सल ऑफिसातल्या माणसाला याचा अर्थ आपल्यापेक्षा जास्त कळतो. एका गाडीतून उतरवलेली पोती, करंड्या, सायकली हमालांनी उचलून दुसऱ्या गाडीत भरायच्या, कारण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चालत नाही. मामंजींचा सगळा जन्म या उतरव-चढव करण्यात गेला. म्हणून त्यांच्या मिरजेत इंजिनांपेक्षा फलाटावरची पार्सलंच जास्त बारकाईनं केलेली आहेत. एका करंडीवर तर द्राक्षांचे घड दिसतात. ते मोहरीचे दाणे आहेत, हिरवा रंग दिलेले.

मोजमाप त्यांनी ८७ पट लहान असं धरलं. ब्रॉडगेजचे खरे रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर, ते इथे सव्वाएकोणीस झाले. मीटरगेज साडेअकरा, आणि ७६२ मिलिमीटरचं नॅरोगेज पावणेनऊ. बाजारात असे रूळ मिळत नाहीत. परदेशी तयार रूळ मिळतात ते त्यांच्या मापाचे. मग मामंजींनी पितळी पट्ट्या कापल्या, लाकडाच्या काड्यांचे स्लीपर केले आणि एकेक जोड डागून घेतला. छोट्या गाडीच्या इंजिनाचा बॉयलर म्हणजे जुन्या स्टोव्हची पितळी नळी. मोटर बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरची. डबे लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे. एका डब्याच्या छपराखाली डोकावून पाहिलं तर अजूनही 'आपले आगमनाभिलाषी' वाचता येतं. झाडं तुरीच्या काड्यांची आणि रंगवलेल्या भुश्शाची.

आणि डिंकाची गोष्ट तर सांगायलाच हवी. सुतार लाकूड जोडायला पूर्वी सरस वापरत, आणि सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. मामंजींना तो घरात नको होता. लाकडाला त्यांनी फेविकॉल वापरलं, पण कागदाला मैद्याची खळच. ती पातळ लागते, आणि चुकलं तर ओल्या फडक्यानं सोडवता येतं. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. मामंजींनी तोही घातला नाही. विष ते विषच, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे झालं असं, की त्यांचं मिरज हे कसरीसाठी वाढून ठेवलेलं ताट आहे. ते त्यांना माहीत होतं. "आपण रोज लक्ष ठेवायचं," एवढंच म्हणायचे.

२०१७ साली मामंजी गेले. मग लक्ष ठेवायचं कुणी, हा प्रश्न आला.

घरात मतं अनेक होती. धाकटे भावजी म्हणाले, माडी रिकामी करून भाड्यानं देऊ. नात्यातल्या एकांनी मुंबईच्या एका संग्राहकाला फोटो पाठवले. त्याला फक्त तीन इंजिनं हवी होती, बाकीचं 'सामान' नको. एका शाळेनं काचेच्या पेटीत ठेवायची तयारी दाखवली. ते ऐकायला चांगलं वाटलं, पण पेटी ५ फुटांची, म्हणजे मिरज कापूनच बसवावं लागलं असतं. आणि एका आजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, अपरिग्रहाचं व्रत घेतलेला माणूस, त्याच्यामागे एवढा पसारा कशाला राखायचा?" या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. माझं उत्तर असं, की परिग्रह वस्तूत कमी आणि 'माझं माझं' म्हणण्यात जास्त असतो. मामंजी कधी माझं म्हणाले नाहीत. गल्लीतलं कुठलंही पोर वर येऊन बटण दाबायचं. कपाटात बंद केलं असतं तर मात्र तो परिग्रह झाला असता.

याच सुमाराला माझ्या मुलानं, जो तिकडे इंग्लंडमध्ये असतो, एक पुस्तक आणून दिलं. त्यात एका धर्मगुरूच्या रेल्वेची हकिगत होती. रेव्हरंड पीटर डेनी. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांनी घरात 'बकिंगहॅम' नावाची छोटी रेल्वे करायला घेतली. बकिंगहॅम गाव खरं, तिथे स्टेशनही होतं, पण दुसऱ्या कंपनीचं. ग्रेट सेंट्रल कंपनीनं तिथवर फाटा काढला असता तर कसं दिसलं असतं, अशी कल्पना करून त्यांनी साधारण १९०७ सालचा काळ उभा केला. रुळांतलं अंतर १८ मिलिमीटर. युद्धानंतर तिकडेही टंचाई होती, तेव्हा जाड कागद, लाकूड, पत्रा, मिळेल ते घेऊन सगळं हातानंच. पुढच्या पन्नास वर्षांत घरं बदलली तशी रेल्वेही मोडली, वाढली, पुन्हा मांडली गेली.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट त्यांच्या मुलाची. ही रेल्वे एकट्यानं चालवायची नव्हतीच. खऱ्या रेल्वेसारखं वेळापत्रक, आणि एका स्टेशनवाल्यानं घंटा वाजवून दुसऱ्याला विचारायचं, गाडी पाठवू का? दुसऱ्यानं घंटेनंच होकार द्यायचा, मग सिग्नल पडणार. मुलगा क्रिस्पिन एक टोक सांभाळायचा. तो मोठा होऊन घराबाहेर पडला, तेव्हा डेनींनी त्याच्या जागी विजेवर चालणारं एक यंत्र केलं. ते घंटांना उत्तर द्यायचं. त्याचं नाव ठेवलं 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'. घराघरांत संगणक येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मुलं शिकायला-नोकरीला लांब गेली की आपण काय करतो? त्यांचं ताट मांडायचं थांबवतो, आणि खोली मात्र तशीच ठेवतो. त्या बापानं घंटेला उत्तर देणारा मुलगा करून ठेवला. आत्याबाईंना हे वाचून दाखवलं तर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

डेनी २००९ साली वारले. रेल्वे एका जाणकार चाहत्याकडे गेली, कॉर्नवॉलमध्ये. त्यानं तिला जागा केली, पुन्हा जोडली, आणि मुख्य म्हणजे चालती ठेवली. तो क्रिस्पिनही पुन्हा कामाला लावला. वारा-वीज-घंटा सगळं डेनींच्या पद्धतीनं. याहून चांगल्या मोटारी, झकपक तयार इंजिनं आता विकत मिळतात, पण ती घातली तर मग राहिलं काय?

इथे मला आपल्याकडची एक गोष्ट आठवते, थोडी कडू आहे. कित्येक जुन्या मंदिरांत भक्तीपोटीच दगडी खांबांना ऑइलपेंट दिला जातो. कोरीव काम भरून जातं. हेतू शुद्ध, पण शिल्पकाराचा हात झाकला जातो. मामंजींच्या मिरजेचा रंग उडालाय, फलाटाची पाटी फिकी पडलीय. आमच्या ह्यांना ती नव्यानं रंगवायची होती. मी नको म्हटलं. ती अक्षरं मामंजींची आहेत, 'मिरज'मधला 'ज' ते नेहमी असाच मोठा काढायचे.

पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, तुमच्यापैकी अनेकजणी मुलांना घेऊन गेल्या असाल. भाऊसाहेब जोशींच्या छंदातून ते उभं राहिलं, १९९८ साली सुरू झालं आणि पुढच्या पिढीनं चालू ठेवलं. मी आणि हे मुद्दाम दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा सगळ्यांसारखं तोंडात बोट घालून पाहिलं: दिवे मंद होतात, अख्खं शहर उजळतं, गाड्या एकमेकींना चुकवत धावतात. दुसऱ्यांदा मात्र मी गाड्या पाहिल्याच नाहीत. धूळ कुठे बसते, मधल्या भागापर्यंत हात कसा पोचत असेल, हेच पाहत होते. इतकं मोठं शहर रोज दाखवायचं म्हणजे रोज कुणीतरी ते पुसतही असणार. स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही.

तर आम्ही ठरवलं, की मिरज माडीवरच राहील आणि चालेल. चालणं महत्त्वाचं. मोटर महिनोन्महिने बंद राहिली की तेल घट्ट होतं, पितळी रुळांवर काळसर थर धरतो, वीज पोचत नाही. काचेत ठेवलेली गाडी छान दिसते आणि आतून जाम होते. आम्ही दर रविवारी तिन्ही गाड्या पाच-पाच मिनिटं फिरवतो. आधी सुती फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल घेऊन रूळ पुसायचे. सँडपेपर लावायचा नाही, ओरखड्यांत मळ आणखी बसतो. आसाला शिलाई मशीनचं तेल, सुईच्या टोकावर येईल तेवढंच. धूळ झाडायला ब्रश घेताना विचारून घ्या, बरेच जनावरांच्या केसांचे असतात. मुंगसाच्या केसांचे तर कायद्यानंच बंद आहेत. मी मेकअपचा नायलॉनचा मऊ ब्रश वापरते. स्वस्त पडतो आणि मनात खटकत नाही.

किडीचं काय, हा खरा अवघड भाग. फवारा मारायचा नाही हे ठरलेलं. मग आपल्याच घरातली पद्धत वापरली. श्रुतपंचमीला आपण ग्रंथ बाहेर काढतो, झटकतो, वारा देतो, नव्या वेष्टनात बांधतो. त्यामागे भक्ती आहे तसं शहाणपणही आहे, कारण पावसाळा तोंडावर असतो. त्याच दिवशी दुपारनंतर आम्ही मिरज उघडतो. एकेक डबा उचलून खालून पाहायचा. ऊन द्यायचं नाही, कागद वाकतो, सावलीत वारा. कोपऱ्यांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला, मलमलच्या पुरचुंडीत. कसर दिसलीच तर कागदाच्या तुकड्यावर घेऊन अंगणात सोडायची. हळूहळू लक्षात आलं, की कीड येते ती अंधार, ओल आणि शांतता असेल तिथे. रविवारी गाड्या धावायला लागल्यापासून ती कमी झाली.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या खालच्या मजल्यात शिरलं. माडी वाचली, पण नंतर महिनाभर भिंती घामेजल्यासारख्या होत्या. फळ्यांचा जोड फुगला आणि मीटरगेजचा एक रूळ केसभर वर आला, गाडी तिथे उतरायची. तो जोड पुन्हा डागायचा तर खालची तार कुठली कुठे जाते हे कुणालाच माहीत नव्हतं. मामंजींच्या डोक्यात सगळं होतं आणि डोकं गेलं होतं. शेवटी आमच्या ह्यांनी पाठीवर पडून, बॅटरी धरून, एकेक तार शोधली आणि मी वहीत लिहून घेतली. लाल कुठे, पिवळी कुठे, कोणत्या बटणानं काय. ४७ तारा निघाल्या. ती वही आता फळीखालीच अडकवलेली आहे. तिच्या मागच्या पानांवर आम्ही काय बदललं तेही लिहितो: हा जोड २०१९चा, ही तार नवी, बाकी मामंजींचं. घरात कुणाच्या हातचं काही असेल, घड्याळ असो की देव्हारा, तर तो माणूस असतानाच त्याला शेजारी बसवून लिहून घ्या.

सध्या एकच काम उरलंय. छोट्या गाडीचा शेवटचा डबा कसरीनं एका बाजूनं खाल्लाय. नवा करायचा की त्यालाच आतून पट्टी लावायची, यावर घरात वाद चालू आहे. धाकट्या भावजींची मुलगी म्हणते पट्टीच, आणि तिच्या बोटांना ते बारीक काम जमतं. खळ मी करून देणार आहे. कागद तिच्याच साखरपुड्याच्या पत्रिकेचा घेणार, छापायला टाकल्यात, पुढच्या आठवड्यात येतील.