गोंदियाहून वसईस : एका सायंप्रार्थनेची हकीकत

तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावावा, मुलांनी हातपाय धुऊन परवचा म्हणावी व वडील माणसांस नमस्कार करावा, ही रीत आमच्या लहानपणी कोणी कोणास मुद्दाम शिकवीत नसे. ती घरातच असे. परंतु या वेळेचे मोल आम्हांस उतारवयात नव्याने उमगले, ते स्वतःच्या देवघरात नव्हे, तर हजार किलोमीटरांवर वसईस, एका ख्रिस्ती स्नेह्याच्या ओटीवर. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे मनात आले.

आमचे बिऱ्हाड गोंदियास. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. भाताच्या गिरण्या आणि आगगाडीचे मोठे जंक्शन यांमुळे गावात नाना प्रांतांची माणसे. येथील कॅथलिक मंडळी नागपूरच्या महाधर्मप्रांताच्या कक्षेत येतात. तो धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला व १९५३ साली महाधर्मप्रांत झाला. आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे असेच एक केरळी कुटुंब राहते. घरधनीण परिचारिका आहे. रोज सायंकाळी त्या घरातून सामुदायिक प्रार्थनेचा आवाज येतो. एकाने आरंभ करावा आणि बाकीच्यांनी उरलेले पुरे करावे, असा तो क्रम. मधूनमधून गावातील इतर ख्रिस्ती कुटुंबेही तेथे जमतात. अठरा वर्षे आम्ही हा आवाज ऐकत आलो. परंतु भाषा मल्याळी, तेव्हा अर्थ कळण्याचा प्रश्न नव्हता, आणि विचारण्याची बुद्धीही झाली नाही. आपले व परके यांत एक वीट भिंत पुरते, हेच खरे.

गेल्या आश्विनात आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचे निमंत्रण आले. हे गृहस्थ मूळचे वसईचे, जातीने शेतकरी, धर्माने कॅथलिक. नोकरीनिमित्त त्यांनी आमच्या बाजूस पुष्कळ वर्षे काढली व निवृत्त होऊन ते आपल्या गावी परतले. ‘गुरुजी, वहिनींना घेऊन एकदा याच,’ असा त्यांचा आग्रह. दसरा आटोपून आम्ही उभयता विदर्भ एक्स्प्रेसने निघालो. दुपारी गोंदिया सोडले ते दुसरे दिवशी, शनिवारी सकाळी, मुंबईस पोहोचलो. तेथून लोकल गाडीने वसई रोड, आणि पुढे बसने त्यांचे गाव.

स्टेशनाजवळची वसई म्हणजे उंच इमारतींची दाटी. परंतु पश्चिमेकडे जावे तसतशी केळीच्या बागा, नागवेलीचे मळे, फुलझाडांचे वाफे आणि विहिरी दिसू लागतात. येथील सुकेळी प्रसिद्ध आहेत. ती आमच्यापुढे पहिल्याच फराळात आली. आमचा आहार लक्षात घेऊन माउलीने स्वयंपाकाची भांडीसुद्धा वेगळी काढली होती. आमच्या सौभाग्यवतीस प्रथम जो संकोच होता तो तेथेच निम्मा गेला.

दुपारी स्नेह्यांनी किल्ला दाखविला. वाचकहो, या किल्ल्याचा धडा आम्ही तीस वर्षे वर्गात शिकविला आहे! १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी ती जिंकली. तो धडा शिकविताना आमचा आवाज नेहमी चढत असे. पोर्तुगीज अमलातील धर्मच्छळाच्या गोष्टी आम्ही सांगितल्या आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. किल्ल्यात चिमाजीअप्पांचा पुतळा आहे, नागेश्वराचे देऊळ आहे आणि छप्पर उडालेल्या ख्रिस्तमंदिरांच्या उंच भिंतीही आहेत. त्यांतील फरशीवरच्या थडग्यांवर पोर्तुगीज अक्षरे अजून दिसतात. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकी येथे क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्यास संतपद मिळाले. येथील लोक त्याचा सण भक्तीने पाळतात.

वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी एक भीमाशंकरास, एक मेणवलीस व एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे. भीमाशंकरची घंटा आम्ही तरुणपणी पाहिली होती व तिच्यावर अभिमानाने हात फिरविला होता. त्या रिकाम्या मनोऱ्यांखाली उभे असता मनात आले, की ही घंटा ऐकून ज्यांचा दिवस उजाडे व मावळे, त्या माणसांचे पुढे काय झाले, हे तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने आम्हांस विचारले नाही. आणि आम्हीही स्वतःस विचारले नाही. स्नेह्यांस विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, “गुरुजी, ती माणसे म्हणजे आम्हीच. गोरे पाद्री निघून गेले. जे थोडे देशी पाद्री उरले ते सगळीकडे पुरणार कसे? मला तर वाटते, आमचा धर्म चर्चपेक्षा घरातल्या माळेने राखला. आज सायंकाळी पाहा.”

दिवेलागणीला गावच्या चर्चची घंटा झाली. सकाळ, दुपार व सायंकाळ अशा तीन वेळा ही घंटा वाजते आणि ऐकणाऱ्याने हातचे काम थांबवून मरियेचे स्मरण करावे, असा संकेत आहे. ओटीवर चटया अंथरल्या गेल्या. आळीतील दहाबारा घरची माणसे आली, कारण ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. त्या महिन्यात प्रार्थना आळीपाळीने एकेका घरी होते, आणि त्या दिवशी पाळी आमच्या यजमानांची होती. १५७१ च्या लेपांतोच्या आरमारी लढाईतील विजयाच्या स्मरणार्थ ७ ऑक्टोबरचा सण सुरू झाला, आणि १८८३ साली तेरावे लिओ या पोपांनी सारा महिनाच जपमाळेस वाहिला. विजयाची तोफ थंडावते आणि मागे जप उरतो, हा योग आम्हांस विचार करण्याजोगा वाटला.

यजमानांच्या मातोश्रींनी आरंभ केला. वय नव्वदीच्या घरात, अंगावर लाल लुगडे. घरात बोलणे त्यांच्या कादोडी बोलीत चाले व आम्हांस ते निम्मेच कळे. परंतु प्रार्थना स्वच्छ मराठीत. माळेची रचना अशी : पाच दशके, प्रत्येक दशकात प्रथम प्रभूने शिकविलेली प्रार्थना, नंतर मरियेस दहा वेळा वंदन, शेवटी त्रैक्याचा गौरव. अर्धे वाक्य आजींनी म्हणावे, अर्धे सर्वांनी. प्रत्येक दशकाच्या वेळी येशूच्या चरित्रातील एक प्रसंग मनापुढे धरावयाचा. असे पंधरा प्रसंग पूर्वीपासून होते. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी आणखी पाच घातले. ओठांनी जप आणि मनाने लीलाचिंतन, ही गोष्ट नामस्मरण करणाऱ्यास नवी नाही. आणि एकाने आरंभून इतरांनी पुरे करण्याचा तो क्रम ऐकताच आमच्या ध्यानात आले, की हाच आवाज आपण अठरा वर्षे भिंतीपलीकडून ऐकत आहो.

शनिवारी आनंदाचे प्रसंग घेतात. त्यांतील पाचवा असा : बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या यात्रेत आईबापांच्या हातून चुकतो. ती दोघे तीन दिवस शोधतात, आणि तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडतो. हे दशक झाल्यावर आजींनी विचारले, कोणाकोणाची आठवण करावयाची? कोणी आजारी भावाचे नाव घेतले, कोणी परीक्षेस बसलेल्या मुलीचे, कोणी गेल्या महिन्यात वारलेल्या शेजाऱ्याचे. आजींनी आमच्या सौभाग्यवतीकडे पाहिले व म्हणाल्या, “तुमचं कोणी असेल तर सांगा, बाई.”

येथे एक घरगुती गोष्ट सांगणे भाग आहे. वडिलार्जित घराच्या वाटणीवरून आमच्या धाकट्या चिरंजीवाशी आमचे बिनसले होते. त्या दिवशी आम्ही जे बोललो ते लिहिण्याजोगे नाही. तो पुण्यास निघून गेला व तीन वर्षे आमचे एकमेकांशी बोलणे नव्हते. त्याचे नाव आमच्यासमोर घरात कोणी काढीत नसे. त्याच सुमारास सायंकाळची परवचाही बंद पडली. कारण सर्वांनी एकत्र बसावे असे घर उरले नव्हते.

सौभाग्यवती क्षणभर थांबली आणि तिने त्या परक्या ओटीवर, पंचवीस माणसांसमोर, धाकट्याचे नाव घेतले. आजींनी ‘का’ म्हणून विचारले नाही. त्या सर्वांनी, ज्यांनी आमच्या मुलास कधी पाहिले नाही, त्याच्यासाठी मरियेस वंदन केले. आम्ही खाली पाहत बसलो. जे नाव तिला स्वतःच्या घरी उच्चारता येऊ नये, ते येथे उच्चारता आले, हा दोष कोणाचा, हे आम्हांस कोणी सांगावयास नको होते.

दुसरे दिवशी रविवार. स्नेह्यांनी आम्हांस चर्चमध्ये मागील बाकावर बसविले. सारा विधी मराठीत झाला. आजींच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे व लोकांना ती कळत नसे. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेस वाव मिळाला. “पण घरची माळ तेव्हाही मराठीतच होती,” हे आजी अभिमानाने सांगतात. मराठीशी या मंडळींचे नाते आजचे नव्हे. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ सालचे. वसईच्याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, आणि २०२४ साली ते निवर्तले.

धर्मग्रामाची व्यवस्थाही पाहण्यासारखी. आळीआळीचे लहान समूह प्रार्थनेस जमतात. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ साली पॅरिसात काढलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गरिबांच्या घरी जातात. १९२१ साली डब्लिन येथे निघालेल्या ‘लीजन ऑफ मेरी’ची मंडळी जप करून उठली की आजाऱ्यांच्या समाचारास जातात. प्रार्थनेहून उठावे ते कोणाच्या तरी दारी जाण्यासाठी, हा नेम आपल्या भजनी मंडळांनीही विचारात घ्यावा.

सर्व काही आलबेल आहे असेही नाही. स्नेह्यांची नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. मराठी माळ म्हणताना ती अडखळतात, आणि मधेच हातातील मोबाइलकडे पाहतात. आजी एक शब्द बोलत नाहीत, फक्त आपला आवाज थोडा चढवितात, म्हणजे मुले त्या आवाजाचे बोट धरून पुढे येतात. अध्यापनाची याहून चांगली पद्धत आम्ही ट्रेनिंग कॉलेजातही पाहिली नाही.

गोंदियास परतलो त्या सायंकाळी सौभाग्यवतीने देवापाशी दिवा लावला व थोरल्याच्या मुलांस हाक मारली. रामरक्षा म्हणताना ती दोघे चार ठिकाणी अडखळली. आम्ही आवाज थोडा चढविला. नंतर आम्ही पुण्यास फोन लावला. पलीकडून बराच वेळ काही शब्द आला नाही, मग चिरंजीव म्हणाला, “बाबा, प्रकृती बरी आहे ना?” दिवाळीस तो आला नाही, पौषात दोन दिवस येऊन गेला. वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. परंतु आता त्यावर बोलता तरी येते.

पुढच्या शनिवारी भिंतीपलीकडची प्रार्थना संपल्यावर आम्ही शेजारीणबाईंस विचारले, “आज हरवलेल्या मुलाचा प्रसंग होता ना?” त्या चकित झाल्या. “काका, तुम्हांला कसं कळलं?” आम्ही म्हणालो, “कळायला अठरा वर्षे लागली, बाई.” तेव्हापासून त्यांच्या घरी मंडळी जमतात तेव्हा चटया कमी पडल्या तर आमच्या घरून जातात.