मायन्यातली दोन अक्षरे

पत्राच्या मायन्याला आमच्या घरी व्याकरणाहून कडक नियम होते. आईवडिलांना ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, बरोबरीच्यांना ‘स. न. वि. वि.’, धाकट्यांना ‘चि.’ आणि अनेक आशीर्वाद. हे सारे मी पाढ्यांबरोबर पाठ केले आणि पाढ्यांप्रमाणेच त्याचा अर्थ कधी कोणाला विचारला नाही.

१९८४ साली वडील गेले. तेराव्यानंतर मी दिल्लीस परतलो आणि सुखरूप पोहोचल्याचे कळविण्यासाठी आंतरदेशीय पत्र पुढे ओढले. ‘तीर्थरूप’ एवढे लिहून लेखणी थांबली. तोवर त्यापुढे ‘सौ. आईस’ येई, आता तेथे ‘गं. भा.’ हवे होते. गंगा-भागीरथी! एकाच नदीची दोन नावे, पावित्र्याची परमावधी. परंतु जिला गेल्या महिन्यापर्यंत हळदीकुंकवाचे बोलावणे असे, तिला ते यापुढे येणार नाही, हीच वार्ता ती दोन अक्षरे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला देत असत. पुरुषाच्या नावामागे अशी खूण नाही. माझे काका काकू वारल्यावरही ‘श्री.’च राहिले होते. मी नुसते ‘ती. आईस’ लिहिले आणि पत्र चिकटवून टाकले.

शेजारी एक बंगाली सहकारी राहत. त्यांच्याकडे आईला मायना ‘श्रीचरणेषु’. त्यात केवळ पाय, सौभाग्याची चौकशी नाही. मला हेवा वाटला. तेव्हा आपल्याकडे विधवेच्या ताटातली मासळी कशी नाहीशी होते, हे त्यांनी खाली मान घालून सांगितले.

आईचे उत्तर आले. “भावजींनी तुझे पत्र वाचून दाखविले. ‘गं. भा.’ राहिले म्हणाले. मी म्हटले, घाईत असेल.” पुढे पावसाची हकीकत. ती दुखावली होती की सुखावली, हे त्या तीन वाक्यांतून मला आजतागायत उमगलेले नाही. तिने मला सांभाळून घेतले, एवढे खरे. पुढच्या पत्रात मी निमूटपणे ‘गं. भा.’ लिहिले आणि तेरा वर्षे लिहीत राहिलो. त्याच वर्षांत वर्गात मी ‘यमुनापर्यटन’ शिकवीत असे. विधवांच्या दुःस्थितीवरील ती १८५७ सालची कादंबरी शिकविताना माझा आवाज, विद्यार्थी म्हणत, फार चढे.

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा हे सारे पुन्हा वर आले. पुढच्याच वर्षी ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरावे, अशी सूचना राज्याच्या मंत्र्यांकडून आली आणि वाद पेटला. सुचविणाऱ्यांना तो शब्द गौरवाचा वाटला असेल. मलाही तसाच वाटत असे, लिहिण्याची वेळ येईपर्यंत.

आई १९९७ साली गेली. उत्तरकार्याच्या पत्राचा मजकूर उतरवून घेताना छापखान्यातील गृहस्थांनी विचारले, “‘कै.’पुढे ‘गं. भा.’ ठेवायचे ना?”

“नको,” मी म्हणालो.

काका शेजारीच बसले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि किती प्रती काढायच्या ते सांगितले.