दादरा, जिग आणि पोहे नि वाटाणे



मंडळातल्या तीन-चार जणींनी विचारलं, ‘या वयात गिटार कशाला? आणि तीही आयर्लंडच्या नाचाच्या धुनांना साथ द्यायला?’ मंदिराच्या पायऱ्यांवर चपला घालता घालता सांगण्याइतकं ते थोडक्यात नाही, म्हणून इथे लिहिते.

माझी लेक डब्लिनला असते. नात तिथल्या प्राथमिक शाळेत जाते. तिकडे बऱ्याच शाळांत मुलांना टिन व्हिसल शिकवतात. सहा भोकांची धातूची पावा म्हणा, उभी धरून वाजवतात. नातीला मराठी कळतं, पण बोलायचा कंटाळा. व्हिडिओ कॉलवर ‘हाय आज्जी, बाय आज्जी’ एवढ्यावर आमचं भागायचं. एकदा लेकीने बळेच तिला एक धून वाजवायला लावली आणि माझा हात आपोआप मांडीवर पडायला लागला. धा धी ना, धा ती ना. सरळ दादरा! ती वाजवायची थांबली. म्हणाली, ‘आज्जी, तुला जिग कशी येते?’ वर्षभरात तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

मी मंडळात वीस वर्षं स्तवनांना झांज धरते, अधूनमधून ढोलकीही. त्यामुळे जिग म्हणजे ६/८ चा ताल, तीन-तीनच्या दोन जोड्या, हे समजायला वेळ लागला नाही. रील नावाचा दुसरा प्रकार आठ मात्रांचा, आपल्या केरव्याच्या घरातला. पण सारखेपणा इथेच संपतो. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली येते, आपण तिथे हात हलका करतो. जिगमध्ये खाली नाहीच. पहिली आणि चौथी, दोन्ही मात्रा ठाम, कारण नाचणाऱ्याचं पाऊल दोन्हीकडे पडतं. वीस वर्षांची सवय चौथ्या मात्रेला हात मागे खेचायची, तो पुढे ढकलायला मला दोन महिने लागले.

गिटारवर हे वाजवायची साधी रीत अशी: खाली-वर-खाली, खाली-वर-खाली. बोलायला सोपं आहे. गोम तिसऱ्या आणि चौथ्या आघाताच्या मध्ये आहे. तिथे लागोपाठ दोनदा ‘खाली’ येतं, म्हणजे मधल्या क्षणात हात तारांना न लागता वर न्यायचा. पीठ चाळताना मनगट जसं सैल सोडतो तसं सोडलं तरच जमतं. कोपरातून मारलं की खांदा भरून येतो. सहाही आघात सारख्या जोराचे नकोत. पहिला-चौथा ठळक, बाकीचे तारांवरून पिसासारखे. नाचाची गती मिनिटाला साधारण ११० ते १२० ठोके, आणि प्रत्येक ठोक्यात तीन आघात. म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा! मी मोबाइलवरच्या मेट्रोनोमला ५० वर ठेवून सुरुवात केली.

हा ताल तोंडात बसावा म्हणून तिकडची मंडळी एक शब्दजोडी म्हणतात. तिचा अर्थ आहे डुकराच्या मांसाचे काप नि सॉसेजेस. नात ती हसत हसत शिकून आली होती. मी म्हटलं, बाई, हे आपल्या घरात चालायचं नाही. मग आम्ही दोघींनी फोनवर बसून दुसरी शोधली: पो-हे-नि वा-टा-णे. आपल्या पोह्यांत कांदा-बटाटा नसतो, वाटाणेच असतात, तेव्हा अर्थानेही ती बरोबर बसली. आता तीही तेच म्हणते. डब्लिनच्या वर्गात तिची मैत्रीणही म्हणते म्हणे.

तिच्या शिक्षकांकडे बाउरॉन आहे. तो आयरिश डफ, एका बाजूने बकऱ्याचं कातडं ताणलेला. तिला आधी मला तोच घ्यायला लावायचा होता. मी नको म्हटलं. आपल्या ढोलकीलाही कातडं असतंच, मला ठाऊक आहे, पण घरात नवीन वस्तू आणताना तरी बघून आणावी असं माझं मत. गिटारला धातूच्या तारा, म्हणून निश्चिंत होते. पण धोबी तलावच्या दुकानात चौकशी केली तेव्हा कळलं, महागड्या गिटारींत तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी पुष्कळदा हाडाची असते. मानेवरचे ठिपके शिंपल्याचे असू शकतात. काही वाद्यं जनावराच्या सरसाने चिकटवतात. स्वस्त गिटारींत हे सगळं प्लास्टिकचं असतं. आयुष्यात पहिल्यांदा मी दुकानदाराला ‘याहून स्वस्तातली दाखवा’ असं धर्माच्या कारणाने म्हटलं. भांडुपपर्यंत स्लो लोकलमध्ये ती गिटार मांडीवर उभी धरून आणली आणि बायकांनी डब्यात जागा करून दिली!

गोव्याकडच्या मैत्रिणींना हा प्रकार नवा वाटणार नाही. तिथे मांडो संपला की दुलपद म्हणतात, ते ६/८ मधलंच, आणि साथीला घुमट असतं. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. घोरपडीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. एका जिवाऐवजी दुसरा, हे काही मला समाधानाचं वाटत नाही, पण ताल आपल्या किनाऱ्यावर आधीपासून आहे एवढं खरं.

आयरिश संगीतात मात्र गिटार अलीकडची पाहुणी. मूळ परंपरा एकाच सुरावटीची. सगळे मिळून तीच धून वाजवणार. गिटारची साथ रुजली ती १९६० आणि ७० च्या दशकांत. बॉथी बँड नावाच्या गटातल्या मिहॉल ओ डोनेल यांनी जी जुळणी वापरली, तिला तारांच्या नावांवरून ‘डॅडगॅड’ म्हणतात. ती बसवली इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहम यांनी, मोरोक्कोत ऊद ऐकल्यावर. ऐकून घाबरू नका. पांढरी दोनला सा धरा, की सहा तारा होतात सा-प-सा-म-प-सा. म्हणजे तंबोराच की! गंधार कुठेच नाही, कोमल नाही की शुद्ध नाही. त्यामुळे धून कुठल्याही गंधाराकडे गेली तरी साथ तिच्या आड येत नाही. हे कळलं त्या दिवशी मी अर्धा तास नुसत्या मोकळ्या तारा छेडत बसले. पापड वाळत होते ते तसेच राहिले.

आम्ही जेवणं सूर्यास्ताआधी उरकतो, भांडी आवरून साडेसातला मी मोकळी. ४८ मिनिटं सामायिक, त्यानंतर गिटार. फोनवर दोघींना एकत्र वाजवता येत नाही, कारण आवाज पोचायला किंचित उशीर लागतो आणि तेवढ्यात ताल फिसकटतो. म्हणून ती धून पाठवायची आणि मी त्यावर वाजवायची.

तिची सुट्टी जुलै-ऑगस्टची. म्हणजे नेमका आपला चातुर्मास. ‘चातुर्मासात नाचाची गाणी?’ असंही एकीने विचारलं. माझे नियम चालू होते, पालेभाजी बंद होती, आणि पर्युषणाच्या दहा दिवसांत गिटार कव्हरात घालून कपाटावर गेली. बाकी दिवशी वाजवली. त्यात मला काही वावगं वाटत नाही.

पाऊस पडत होता, गॅलरीत कपडे वाळत घातलेले, आणि आम्ही दोघी दिवाणावर. जिगचे दोन भाग, प्रत्येक आठ आवर्तनांचा आणि दोनदा; असे बत्तीस. तीनदा वाजवून झाली की न थांबता दुसऱ्या जिगमध्ये उडी. ती उडी हीच साथीदाराची परीक्षा. धून बदलते, सूर बदलतो, ताल तुटता कामा नये. मला जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणातली नीलांजना आठवली. नाचता नाचता तिचं आयुष्य संपलं, इंद्राने त्याच क्षणी दुसरी उभी केली, आणि सभेला पत्ता लागला नाही. ऋषभदेवांना तेवढं कळलं. ही कथा मी नातीला सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आज्जी, पण वाजवणाऱ्यांना कळलं असेल ना?’ मी चाळीस वर्षं ही कथा ऐकते आहे. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून उडीच्या आधी ती माझ्याकडे बघून भुवया उचलायला लागली. कधी मधेच हाताने थांबवून, ‘आज्जी, आधी नुसतं ऐक. मग वाजव.’ पूर्ण वाक्य, मराठीत, आणि हुकूम.

ती परत गेली त्याला तीन आठवडे झाले. भांडुपच्या दमट हवेने तारा गंजल्या, त्या बदलल्या. बोटांना घट्टे पडलेत, तवा धरताना चटका कमी लागतो. काल तिने स्लिप जिग पाठवली आहे, ९/८ ची. तीन-तीनच्या तीन जोड्या. पोहे नि वाटाणे झाले, पुढे अजून तीन अक्षरं लागतात, पहिल्यावर जोर. आमचं दोघींचं ‘खोबरं’वर अडलंय, ते दोनच अक्षरांसारखं म्हटलं जातं. कुणाला काही चांगलं सुचलं तर कळवा. कंदमूळ नको.