मांडवीवरचं जहाज

बदलापूर गाव

ती. ताईस,


ओंकारला पणजीच्या कॅसिनोत डीलरची नोकरी मिळतेय, पाठवू की नको, असं तू विचारलंस तेव्हा मला काही बोलता आलं नाही. न पाहिलेल्या गोष्टीवर मत कसं द्यायचं? गोव्याला जायचं आमचं ठरलेलंच होतं. ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेस धरली, करमळीला उतरलो आणि शनिवारची संध्याकाळ ह्यांच्यासोबत मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर काढली. फोनवर हे धड सांगता येणार नाही, म्हणून लिहितेय.

धक्क्यावर ओळखपत्र तपासतात, मनगटाला पट्टी बांधतात आणि छोट्या बोटीतून मोठ्या जहाजावर नेतात. 1996 साली गोव्याने जुगाराच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि पाण्यावरच्या जहाजात हा खेळ चालवायची मुभा दिली. खुद्द गोवेकरांना मात्र 2020 पासून खेळायला आत सोडत नाहीत. आपल्या माणसांना ज्या दारातून सरकार आत जाऊ देत नाही, त्याच दारातून आपल्यासारख्यांना हसतमुखाने आत घेतात, हे मला खटकलं. 1976 साली आपल्या महाराष्ट्रानेही कॅसिनोला परवानगी देणारा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये सरकारने मोडीत काढला. बरं झालं, असं मी आता मनापासून म्हणते.

आत सूटबूटवाली बडी मंडळी असतील असं मला वाटत होतं. पण गर्दी आपल्यासारखीच निघाली. सुरतेकडची कुटुंबं, बेळगावचे व्यापारी, ऑफिसची सहल घेऊन आलेली पुण्याची पोरं. जेवणात जैन पदार्थ वेगळे मांडलेले, लहान मुलांसाठी खेळायची वेगळी खोली. एक सासू-सून शेजारी शेजारी बसून मशीनची बटणं दाबत होत्या. आपल्या लहानपणी अंबरनाथच्या कारखान्यांतून सुटलेले कामगार मटक्यात ओपन-क्लोजचा आकडा लावायचे, आठवतं ना? चिठ्ठी मुठीत दडवलेली असायची आणि घरी कळलं तर रडारड व्हायची. ती लाज लोकांना आवरायची. इथे लाजेचं काही कारणच ठेवलेलं नाही.

मी सगळ्यात जास्त वेळ रुलेटच्या टेबलापाशी उभी राहिले. चाकाशेजारी एका पाटीवर मागचे आकडे उजळतात. लोक परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसे त्या पाटीकडे बघतात. पाच-सहा वेळा काळा आला की शेजारचा मराठी गृहस्थ बायकोला म्हणतो, ‘आता लालच येणार बघ.’ चाकाला मागचं काही आठवत नाही, ताई. 1913 च्या ऑगस्टमध्ये माँटे कार्लोला सलग 26 वेळा काळा आला होता आणि दर वेळी ‘आता लालच’ म्हणणाऱ्यांचे लाखो फ्रँक बुडाले. हिशोब अगदी सरळ आहे. शून्य धरून चाकावर 37 घरं. प्रत्येक घरावर 100 रुपये लावलेस, तर 3,700 गेले आणि कुठलंही घर आलं तरी हातात 3,600 परत येतात. म्हणजे दर खेपेला 100 जातात, दोन शून्यांचं चाक असेल तर 200. लबाडी करायची कॅसिनोला गरजच नाही. त्या गृहस्थाने पुन्हा चिप्स घेतल्या, तेव्हा बायको काही बोलली नाही. नुसती पर्सची चेन उघडत-मिटत राहिली.

आता ओंकारच्या कामाचं. डीलर बहुतेक विशी-पंचविशीतले, बरेच ईशान्येकडचे आणि नेपाळी. त्यांचे हात बघत राहावेसे वाटतात. न बघता चिप्सची चळत कापतात आणि कुणाला किती द्यायचे ते तोंडी सांगतात. पाळी बदलताना दोन्ही तळहात उताणे-पालथे करून छताच्या कॅमेऱ्याला दाखवतात आणि मगच टेबल सोडतात. काम कष्टाचं आहे, कौशल्याचं आहे, त्यात कमीपणा काही नाही. ओंकार जुगारी होईल ही भीती तू मनातून काढून टाक.

माझी काळजी निराळी आहे. एक माणूस हरत होता, घाम पुसत होता आणि समोरची मुलगी दर खेपेला त्याच्या चिप्स ओढून घेत होती. तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. हलून चालतही नाही. आपला ओंकार वर्गातला मुलगा नापास झाला तरी दोन दिवस जेवत नव्हता. रोज रात्री दहा माणसांचं हरणं बघायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा, हे त्याला झेपेल का? की झेपायला लागेल? मला दुसऱ्याचीच भीती जास्त वाटते.

तरीही ‘नको’ असं तू एकदम म्हणू नकोस, चिडून निघून जाईल. सही करण्याआधी त्याने एका शनिवारी जाऊन मध्यरात्रीनंतरचं टेबल पाहावं, खेळणाऱ्यांकडे नको, डीलरांकडे बघावं. रात्रपाळ्या किती, राहायची सोय कुणाची, मध्येच सोडलं तर ट्रेनिंगचे पैसे कापतात का, हे कागदावर मागून घे. मुंबईत काही काम निघालं तर आमच्याकडे राहील, खोली रिकामीच आहे. त्याला आधी इकडे पाठव, मी बोलते त्याच्याशी.

तुझी,
सुमन